भाऊ पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, परीक्षा आली की जेवण सुटतं, छाती धडधडते. पोरांना हे नक्की कशामुळे होतं?

बार्शीची_ताई :
नमस्कार सगळ्यांना. दोन वर्षं झाली इथे नुसती वाचतेय, लिहायची वेळ आज आली. माझा धाकटा भाऊ पुण्यात एका कॉलेजला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नऱ्ह्याला तीन पोरांबरोबर राहतो, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटचं भाडं. आम्ही बार्शी तालुक्यातले, घरी आईअण्णा आणि साडेचार एकर, मी लग्न होऊन हडपसरला असते त्यामुळे त्याचं काय हवं नको ते माझ्याकडेच.

दिवाळीला घरी आला तेव्हाच वाळलेला दिसला पण आईला वाटलं मेसच्या जेवणाने असेल. मग फोन कमी झाले. लावला की "हो चाललंय, ठीके, ठेवतो" एवढंच. गेल्या रविवारी मी न सांगताच त्याच्या रूमवर गेले. बाकीची पोरं बाहेर गेली होती आणि हा सकाळी अकराला पडदे ओढून पांघरुणात. कॉटखाली मेसचे दोन डबे, एक शनिवारी दुपारचा एक रात्रीचा, दोन्ही न उघडलेले. मी उघडले तर पोळ्या पापडासारख्या कडक आणि भाजीला वास सुटलेला. भिंतीवर त्याने अभ्यासाचं टाइमटेबल स्वतः पट्टीने रेघा मारून केलेलं, रोजच्या चौकोनात बरोबरची खूण, आणि ११ तारखेनंतर एकही खूण नाही. ते डबे बघून जेवढं वाईट वाटलं नव्हतं तेवढं ते कोरे चौकोन बघून वाटलं.

मी तिथे असतानाच अण्णांचा फोन आला. पलीकडून "निकाल लागला का रे?" आणि हा म्हणाला "अजून नाही अण्णा." फोन ठेवला आणि अंगठ्याच्या नखाजवळची कातडी दातांनी ओढायला लागला, दोन्ही अंगठे सोलून लाल झालेले. मी म्हटलं काय झालंय सांग की. तर म्हणे ताई, पेपरच्या आदल्या रात्री श्वासच पुरत नाही, छाती एवढी धडधडते की वाटतं आता आपलं काही खरं नाही, पोटात ढवळतं, चार चार वेळा संडासला जावं लागतं आणि पेपर हातात आला की पाठ केलेलं सगळं पुसून जातं. जवळच्या एका डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, त्या संपल्या तरी काही फरक नाही.

घरी सांगितलं तर आई म्हणते नजर लागली आणि चुलते म्हणतात अभ्यास नको म्हणून नाटकं करतोय. पण हा पोरगा दहावीला ९४ टक्के होता हो, गावात पेढे वाटलेले आम्ही. नाटकं करणारा नाही तो. मला एवढंच विचारायचंय की हे कशामुळे होतं, कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, गोळ्या सुरू झाल्या की कायमच्या मागे लागतात म्हणतात ते खरं का, आणि कागदावर आलं तर पुढे नोकरीला अडचण येते का? कुणाच्या घरात असं झालं असेल तर प्लीज सांगा.

एसई_कॉम्प :
ताई मी पण दुसऱ्या वर्षाला आहे, आंबेगावला राहतो. तुमचा भाऊ खोटं बोलत नाहीये. मागच्या सेमला ओरलच्या दिवशी लॅबच्या बाहेर उभा होतो, माझा नंबर यायला चार जण बाकी होते, एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, आतमध्ये कुणाला तरी झापत होते त्याचा आवाज येत होता आणि एकदम माझे हात बधिर व्हायला लागले, बोटांना मुंग्या, कानात शिट्टी वाजल्यासारखी आणि छातीवर कुणीतरी पोतं ठेवलंय असं. मला खरंच वाटलं हार्ट अटॅक आला, एकोणिसाव्या वर्षी. मित्राने रिक्षात घालून नेलं, ईसीजी काढला, नॉर्मल. तिथल्या मॅडम म्हणाल्या पॅनिक अटॅक आहे, हृदय ठणठणीत आहे तुझं. तोपर्यंत मला हा शब्द फक्त रील्समध्ये माहीत होता.

कारण विचाराल तर माझ्या बाबतीत एक नव्हतंच. बारावीपर्यंत मराठी मीडियम, इथे आल्यावर सगळं इंग्रजीत, पहिले दोन महिने सर काय बोलतात तेच कळायचं नाही आणि हात वर करून विचारायची लाज. गावाकडे पहिला यायचो, इथे वर्गात सगळेच आपापल्या गावातले पहिले. रूमवर रात्री दोनपर्यंत लाइट चालू, कुणी गेम खेळतंय कुणी फोनवर बोलतंय, झोप म्हणून नाही. सबमिशनच्या आठवड्यात जर्नल लिहायला रात्रभर जागायचं, टपरीवर चार पाच चहा, सकाळी परत आठचं लेक्चर. त्यात डिफॉल्टर लिस्टला, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांच्या यादीत, नाव लागलं की घरी फोन जाणार ही भीती वेगळी. एकेक गोष्ट सांगितली तर कुणालाही क्षुल्लक वाटेल पण मी सगळी एकदम डोक्यावर घेऊन फिरत होतो.

पेठेतले_आजोबा :
मी ७६ वर्षांचा आहे. आम्ही शनिवार पेठेत एका खोलीत सहा जण राहून, माधुकरी मागून शिकलेल्यांची मुलं. परीक्षा आम्हालाही होत्या, नापास आम्हीही झालो, वडिलांचा मार खाल्ला आणि पुन्हा बसलो. तुमच्या भावाबद्दल मला वाईटच वाटतं, पण मला मनापासून प्रश्न पडतो की आताच्या मुलांना सगळं मिळूनही एवढं का खचायला होतं? कुणी समजावून सांगितलं तर ऐकायची तयारी आहे.

समुपदेशक_कोथरूड :
मी गेली १४ वर्षं कॉलेजच्या मुलामुलींबरोबर काम करते. आधी ताईंना सांगते, तुम्ही रूमवर गेलात हे फार चांगलं केलंत.

आता हे होतं कसं ते. भीती वाटली की शरीर पळायची किंवा लढायची तयारी करतं, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जोरात होतो, पोटाकडचं रक्त हातापायांकडे वळतं म्हणून पोटात ढवळतं, संडासला लागतं. समोर वाघ असेल तर हे सगळं उपयोगाचं आहे, पण समोर प्रश्नपत्रिका असेल तर पळायला जागा नाही आणि शरीर मात्र तयार होऊन बसलेलं. श्वास फार भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, आणि माणसाला वाटतं आपण मरतोय, त्या भीतीने श्वास अजून वाढतो. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जाऊन मग ओसरतो. त्या वेळी श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा, चार मोजून घ्यायचा आणि सहा मोजून सोडायचा, एवढ्यानेही खूप फरक पडतो. एकच सांगते, छातीत पहिल्यांदाच असं झालं तर एसई_कॉम्पच्या मित्राने केलं तेच बरोबर, आधी डॉक्टरला दाखवायचं, मनाचंच असेल असं घरी बसून ठरवायचं नाही.

थोडी भीती वाईट नसते. यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी १९०८ साली मांडलेली गोष्ट आहे, ताण अगदीच नसला तर काम होत नाही, थोडा असला की चांगलं होतं आणि एका मर्यादेपुढे गेला की कामगिरी घसरते, अवघड कामात तर लवकर घसरते. तुमच्या भावाचं "पाठ केलेलं पुसून जातं" ते हे.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते टाळणं. ज्याची भीती वाटते ते टाळलं की त्या क्षणी सुटल्यासारखं होतं, आणि तेवढ्यामुळेच मेंदू शिकतो की टाळलं म्हणून वाचलो, म्हणजे ती गोष्ट खरंच धोक्याची होती. पुढच्या वेळी भीती दुप्पट. लेक्चर टाळलं, मग सरांना भेटणं टाळलं, मग मेस टाळली कारण तिथे वर्गातली पोरं भेटतात, मग घरचा फोन. ११ तारखेनंतरचे ते कोरे चौकोन मला तसलेच वाटतात. त्या ११ तारखेला काय झालं ते विचारा त्याला. रागावून नाही, शेजारी बसून.

आजोबा, तुमचा प्रश्न रास्त आहे. मानसिक आजारांपैकी जवळपास तीन चतुर्थांश वयाच्या चोविशीच्या आत सुरू होतात, म्हणजे हे वयच तसं नाजूक आहे, तुमच्याही वेळी होतं. तेव्हाही एखादा मुलगा परीक्षेच्या आधी घर सोडून जायचा, एखादा "डोक्यावर परिणाम झाला" म्हणून कायमचा माडीवर बसून राहायचा. नाव नव्हतं, त्रास होता. आणि तुम्ही सहा जण एका खोलीत होतात ते एकमेकांचे होतात, आता तीन पोरं एका खोलीत असतात आणि तिघांच्या कानात हेडफोन.

पेठेतले_आजोबा :
माडीवर बसून राहिलेला आमचा धाकटा मामा होता. त्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. तुम्ही लिहिलंत आणि आठवला. धन्यवाद.

मेसवाली_काकू :
मी बावीस वर्षं मेस चालवतेय नव्या पेठेजवळ. मला पुस्तकातलं काही कळत नाही पण पोरगं बिघडायला लागलं की मला आधी ताटावरनं कळतं. चार पोळ्या खाणारा दोनवर येतो, मग भात नको म्हणतो, मग उशिरा यायला लागतो सगळे गेल्यावर, आणि मग येतच नाही. रविवारच्या फीस्टला जो आला नाही त्याचं काहीतरी बिनसलंय हे नक्की धरायचं. मागे एक पोरगी अशीच आठ दिवस आली नाही, मी तिच्या होस्टेलवर डबा घेऊन गेले तर ताप नाही काही नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून. तिच्या बापाचं महिन्याचं पाठवणं थांबलं होतं आणि माझे दोन महिन्यांचे पैसे द्यायचे राहिले म्हणून तोंड चुकवत होती. मी म्हटलं अगं पैसे कुठं पळून जातायत, तू जेव. तर रडली ती तासभर.

सगळी पोरं अभ्यासाला घाबरत नाहीत हो. निम्मी पैशाला घाबरतात आणि ते कुणाला बोलत नाहीत. ताई तुम्ही भावाला पैशाचं विचारलंत का?

अभ्यासिका_सीट_१७ :
काकूंशी शंभर टक्के सहमत. मी कॉलेजवाला राहिलो नाही, २७ पूर्ण झाले, सदाशिव पेठेत एमपीएससी करतोय. पण सुरुवात कॉलेजातच झाली होती म्हणून लिहितो. आमचा हिशोब असा असतो की अभ्यासिकेची सीट, कॉट, मेस, टेस्ट सिरीज, आणि हे सगळं बाप सोयाबीन विकून पाठवतोय, आणि सोयाबीनला भाव नाही. रात्री पुस्तक उघडलं की पानावर अक्षरं दिसायच्या आधी बापाचा चेहरा दिसतो.

दुसरं म्हणजे अनिश्चितता. मला वाटतं कष्टापेक्षा माणूस त्याने जास्त खचतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरलं, त्यावर २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात पोरं रस्त्यावर आली आणि मग ते २०२५ पासून लागू करायचं झालं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर्वपरीक्षा २५ तारखेला होती, त्याच दिवशी आयबीपीएसचाही, म्हणजे बँक भरतीचा, पेपर, पुन्हा शास्त्री रोडवर पोरं बसली आणि परीक्षा पुढे गेली. मी त्या गर्दीत होतो. मागणी बरोबरच होती, पण त्या रात्री रूमवर आल्यावर मला आनंद झाला नाही, वर्षभर एका तारखेसाठी स्वतःला ताणून धरलेलं असतं आणि ती तारीखच हलली की सगळं आतून सैल पडतं. झोप गेली ती तेव्हा.

मी १४४१६ ला फोन केला होता. टेलि-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास आणि मराठीत बोलतात. मी रात्री दीड वाजता लावला आणि पहिली पाच मिनिटं मला काही बोलताच येईना, पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही, "मी लाइनवर आहे, सावकाश बोला" एवढंच म्हणत राहिल्या. त्याने माझं आयुष्य बदललं असं काही नाही, पण ती रात्र निघाली आणि दुसऱ्या दिवशी मी मित्राला सांगू शकलो.

लेकीची_आई :
माझी मुलगी पुण्यातलीच, घरी राहून कॉलेज करते, पैशाची अडचण नाही, तरी तिला असाच त्रास झाला म्हणून लिहिते. तिचं कारण मला खूप उशिरा कळलं. सगळ्या मैत्रिणींच्या इंटर्नशिपच्या पोस्ट, पॅकेजच्या पोस्ट, कुणी कुठे फिरायला गेलं त्याचे फोटो, रात्री दोन दोनपर्यंत ते बघत बसायची आणि आपण मागे पडलो म्हणून रडायची. मी फोन काढून घेतला, त्याने काही झालं नाही, उलट माझ्याशी बोलणं बंद झालं. शेवटी आम्ही दोघी रोज सकाळी हनुमान टेकडीवर जायला लागलो, सुरुवातीला तर ती माझ्या वीस पावलं पुढे चालायची, एक अक्षर बोलायची नाही. तिसऱ्या आठवड्यात शेजारी चालायला लागली. उपचार चालू होतेच, टेकडीने बरी झाली असं मी म्हणत नाही. पण समोरासमोर बसून जे तिने मला कधी सांगितलं नसतं ते तिने चालता चालता सांगितलं.

मास्तर_विभागप्रमुख :
मी एका कॉलेजात शिकवतो, कुठल्या ते लिहीत नाही. आमच्याकडून काय चुकतं ते आधी सांगतो. डिफॉल्टर लिस्ट बोर्डावर लावतो आम्ही, नावासकट. वर्गात "तुमच्यासारख्यांनी इंजिनिअरिंगला यायलाच नको होतं" हे वाक्य मी स्वतः बोललेलो आहे, दोन हजार सतरा अठराच्या सुमारास, आणि तो मुलगा पुढच्या सेमिस्टरला आलाच नाही. तो का आला नाही ते मी विचारलंही नाही. आता विचारतो. वर्गात जागा रिकामी दिसली की तिसऱ्या दिवशी फोन करतो, हजेरीसाठी नाही, बरा आहेस का एवढंच.

शिष्यवृत्तीचा मुद्दा कुणी काढला नाही. पोर्टलवर फॉर्म भरला जातो, पैसे यायला उशीर होतो, मधल्या काळात कॉलेजचं ऑफिस फी मागत राहतं, हॉल तिकिटाच्या वेळी मुलाला खिडकीवर उभं करतं. त्या खिडकीच्या रांगेत मुलांचे चेहरे बघितले तर चिंता कशामुळे हा प्रश्न पडायचा नाही.

आणि पालकांना माहीत असावं म्हणून सांगतो, सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आहेत. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा, मार्कांवरून बॅचेस पाडायच्या नाहीत, चारचौघांत अपमान करायचा नाही. तेव्हा कॉलेजात जाऊन "तुमचे समुपदेशक कोण, कुठे बसतात, कधी भेटतात" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बऱ्याच ठिकाणी एखाद्या मास्तरलाच जादा काम म्हणून बसवलेलं असतं, आणि जो सर इंटर्नलचे मार्क देतो त्याच्यापुढे पोरगं मन मोकळं करेल कसं? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सगळ्यात मोठा आहे. हे वाचल्यापासून मला ती बोर्डावरची यादी लावायला हात होत नाही. आमच्या विभागात आता लावत नाही.

बार्शीची_ताई :
सगळ्यांचे एकेक शब्द दोन दोन वेळा वाचले. काल परत गेले त्याच्याकडे, डबा घेऊन, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. मॅडम, तुम्ही म्हणालात तसं ११ तारखेचं विचारलं. अर्धा तास काही बोलला नाही. मग म्हणाला, ताई निकाल ११ लाच लागलाय. पहिल्या वर्षाचा एम टू, म्हणजे गणिताचा दुसरा पेपर, राहिला होता, तो परत दिला, परत गेला. घरी कुणालाच माहीत नाही की पहिल्या वर्षाचाही राहिलेला, आम्हाला ऑल क्लिअर सांगितलं होतं आणि आईने देवीला पातळ नेसवलेलं. अण्णा रोज विचारतात निकाल लागला का, हा रोज नाही म्हणतो, आणि म्हणे रोज खोटं बोललं की त्या रात्री झोप येत नाही. काकू, पैशाचं पण विचारलं, अण्णांनी सोसायटीचं कर्ज काढलंय हे त्याला चुलत्यांनी फोनवर सांगितलं होतं, "तुझ्यासाठी काढलंय, ध्यानात ठेव" असं.

माझा भाऊ एक वर्ष हे सगळं एकटा घेऊन बसला होता. मी पंधरा किलोमीटरवर राहते हो.

मी विचारलं, वाईट विचार येतात का रे मनात? विचारताना माझाच घसा सुकला. तर म्हणाला मरावंसं नाही वाटत, पण सकाळ होऊ नये असं वाटतं. मॅडम याचा अर्थ काय घ्यायचा? आता काय करू?

समुपदेशक_कोथरूड :
ताई, विचारलंत ते बरोबर केलंत. असं विचारल्याने डोक्यात विचार घातला जातो ही भीती खोटी आहे, उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो. "सकाळ होऊ नये" हे गंभीरपणे घ्यायचं. आजच्या आज त्याला तुमच्या घरी हडपसरला आणा, दोन आठवडे तरी एकटा ठेवू नका, आणि या आठवड्यातच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. पैशाचा प्रश्न असेल तर ससून या सरकारी हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, खर्च नाममात्र आहे. रात्री त्रास वाढला तर वर दिलेला १४४१६, आणि जिवाला धोका वाटला तर थेट जवळच्या मोठ्या हॉस्पिटलचा कॅज्युअल्टी विभाग.

तुमचे राहिलेले प्रश्न. डॉक्टर काही प्रश्नावल्या देतील, त्यात एक सात प्रश्नांची असते, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा अस्वस्थ वाटलं, काळजी थांबवता आली नाही असे प्रश्न, २१ पैकी गुण, १० किंवा जास्त आले तर नीट तपासायला हवं असा त्याचा अर्थ. नुसत्या गुणांवर निदान होत नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी १२ पण तपासतील, कारण धडधड आणि थकवा त्यानेही येतो. गोळ्या लागतीलच असं नाही, कित्येकांना बोलण्याचे उपचार पुरतात. लागल्या तर चिंतेवर नेहमी देतात त्या गोळ्यांची सवय लागत नाही, त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात, मात्र बरं वाटलं म्हणून मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. सवय लागते ती झोपेच्या आणि लगेच शांत करणाऱ्या काही गोळ्यांची, म्हणून मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून काही आणायचं नाही. आणि कागदाचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवायचा हक्क रुग्णाला दिलाय, डॉक्टर ती कॉलेजला किंवा कंपनीला परस्पर देऊ शकत नाहीत. त्याच कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारांनाही कव्हर द्यायला सांगितलंय.

तुम्हाला एकटीलाच वाटत असेल की आपल्याला कळलं नाही. निमहान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली तेव्हा वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारापर्यंत पोचलेलेच नव्हते. तुम्ही एका रविवारी दार वाजवलंत.

एसई_कॉम्प :
ताई त्याला सांगा एम टू मध्ये अर्धा वर्ग अडकलाय. खरंच सांगतोय, धीर द्यायला नाही. आणि अण्णांना कोण सांगणार?

बार्शीची_ताई :
तीन आठवडे झाले, सांगायचं राहिलं होतं. भाऊ माझ्याकडेच आहे. ससूनला गेलो, रांग मोठी होती पण डॉक्टरांनी पाऊण तास दिला. एक गोळी सुरू आहे आणि दर गुरुवारी बोलायला जातो. पहिले दहा दिवस काहीच फरक वाटला नाही, उलट मळमळ, मला वाटलं बंद करावी का, पण मॅडमनी इथे लिहिलेलं लक्षात होतं म्हणून डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले होतं असं सुरुवातीला, बसेल. बसली. आता रात्री साडेअकराला झोपतो. अजून अंगठे खातो, पण एक भाकरी पूर्ण खातो.

अण्णांना मी सांगितलं. फोनवर नाही, त्यांना बोलावून घेतलं, सकाळच्या एसटीने आले दुपारी स्वारगेटला. मी वाटेत सगळं बोलले, निकाल, खोटं बोलणं, त्या रात्रीचं, सकाळ होऊ नये म्हणाला ते पण. बसमध्ये पूर्ण रस्ता गप्प होते, नुसते खिडकीतून बघत होते. मला भीती वाटत होती घरात गेल्यावर काय बोलतील. गेले, हातपाय धुतले, त्याच्या शेजारी खाली बसले आणि म्हणाले, "एम टू म्हंजे काय असतंय रे? मला सांग की जरा."

त्याने सांगायला सुरुवात केली. वही काढली, आकृत्या काढल्या, अण्णा सातवी शिकलेत, त्यांना काय कळणार हो, पण मधे मधे "मग?" विचारत होते आणि तो सांगत होता. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. कुकर लावायचा राहून गेला.

कर्जाचं पण बोलले ते. चुलत्यांचं नाव न घेता एवढंच म्हणाले की ते कर्ज बैलजोडी आणि विहिरीच्या मोटारीसाठी पण आहे, एकट्या तुझ्यावर नाही.

आता बॅकलॉगचा फॉर्म भरायचाय, या महिनाअखेरीस. कुणाकडे एम टू चे मागचे चार पाच पेपर सोडवलेले असतील तर सांगा, झेरॉक्सचे पैसे देईन.

एसई_कॉम्प :
माझ्याकडे आहेत ताई, मी पण दुसऱ्या खेपेलाच काढलाय तो. पैसे नकोत. त्याचा नंबर मला मेसेजमध्ये द्या, शनिवारी स्वारगेटला भेटतो त्याला, दोन प्रकरणं अशी आहेत की ती समोर बसूनच समजतात.

मेसवाली_काकू :
दोघं तिकडनं जेवायलाच या माझ्याकडं. शनिवारी पिठलं भाकरी असते.